मासा न कापता : पंचगंगेतल्या माशांच्या सोनोग्राफीच्या प्रकल्प नोंदी

१७ मार्च

मासा विणीला तयार आहे की नाही हे ठरवायची आपल्या प्रयोगशाळांमधली रुळलेली पद्धत एकच आहे. पोट फाडायचं, अंडाशय किंवा वृषण बाहेर काढून त्याचं वजन करायचं, माशाच्या वजनाने भागायचं आणि शंभराने गुणायचं. हा आकडा महिन्यागणिक चढत जातो, अंडी सोडली की एकदम खाली येतो, आणि त्या आलेखावरून विणीचा हंगाम मांडला जातो. पद्धत भरवशाची आहे. पण तिला दर महिन्याला नवे मासे लागतात, आणि सगळ्यात जास्त लागतात त्या मे ते जुलैमधल्या अंड्यांनी भरलेल्या माद्या. शिवडा आणि कानस पूर्वीसारखे जाळ्यात येत नाहीत असं नदीवरचे भोई सांगत असताना, त्यांची वीण समजून घ्यायला त्याच माद्या मारायच्या, हे मला पटत नाही.

आणखी एक अडचण आहे. कापलेल्या माशाला पुढच्या महिन्यात पुन्हा तपासता येत नाही. एप्रिलमध्ये अंडाशय लहान असलेली मादी जूनमध्ये पिकली का, हे त्या मादीबद्दल कधीच कळत नाही. वेगवेगळ्या माशांवरून अंदाज बांधावा लागतो.

म्हणून या वर्षी सोनोग्राफी करून पाहायची. कल्पना नवी नाही. १९८३ मध्ये अमेरिकेत कोहो सामन माशांवर असा प्रयोग प्रसिद्ध झाला होता. कॅव्हियारसाठी, म्हणजे खारवलेल्या अंड्यांसाठी, स्टर्जन मासे पाळणाऱ्या फार्मवर तर ही आता नेहमीची तपासणी आहे, कारण स्टर्जनची मादी अंड्यावर यायला कित्येक वर्षं लागतात आणि तोवर नर कोण, मादी कोण हे बाहेरून दिसत नाही. आपल्या नदीतल्या, जाळ्यात सापडेल त्या माशावर हे कितपत जमतं ते बघायचं आहे.

२ एप्रिल

मशीनचा प्रश्न. कोल्हापुरात सोनोग्राफी मशीन म्हटलं की पहिल्यांदा कायदा आठवतो, आणि तो आठवलाच पाहिजे. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सगळ्यात आधी गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा केला, मग १९९४ चा केंद्राचा कायदा आला आणि २००३ मध्ये त्यात आणखी कडक सुधारणा झाली. तरीही २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. २०१० च्या सुमारास याच जिल्ह्यात सोनोग्राफी मशीनना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’, म्हणजे प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारी उपकरणं, बसवले गेले ते त्यामुळे. हा सगळा इतिहास माहीत असणाऱ्या गावात मी पोर्टेबल मशीन पिशवीत घालून नदीकाठी फिरणं मला स्वतःलाच चालणार नाही, मग ते माशांसाठी का असेना.

गाई-म्हशी गाभण आहेत का हे तपासणारे एक पशुवैद्यक तयार झाले आहेत. अटी आम्ही दोघांनी मिळून ठरवल्या. मशीन त्यांच्या इमारतीबाहेर जाणार नाही. मशीनला हात फक्त डॉक्टर लावतील. प्रत्येक वापराची वेळ आणि मासा त्यांच्या रजिस्टरला चढेल. संबंधित अधिकाऱ्यांना आधी लेखी कळवायचं. म्हणजे मशीन नदीवर जाणार नाही, मासे मशीनपर्यंत आणावे लागतील आणि जिवंत परत न्यावे लागतील. काम वाढलं. पण त्याला पर्याय नको आहे मला.

११ एप्रिल

कोणते मासे घ्यायचे यावर मच्छीमार संस्थेच्या लोकांशी बोलणं झालं.

शिवडा नक्की. अंगावर खवलं नाहीत, कातडी गुळगुळीत, त्यामुळे आवाजाच्या लहरींना वाट मोकळी. आकाराने मोठा, अवयव मोठे. दातांचं तेवढं सांभाळायचं.

कानस घ्यायचाच. खवल्यांचा मासा आहे, पोटात आतड्याची लांबच लांब गुंडाळी आहे, चित्र अवघड येणार. पण पावसाळ्यात वाहत्या पाण्यात वीण करणाऱ्या रोहू-मृगळच्या कुळातला आहे आणि खरा प्रश्न अशाच माशांचा आहे.

शिंगटा सापडला तर. पाठीवरचा आणि बाजूच्या परांचा काटा असा आहे की तो हाताळण्यात मासाही जखमी होतो आणि माणूसही.

खवल्या महसीर या वर्षी नको. जाळ्यात आला तर मोजून लगेच सोडायचा. त्याच्या प्रजननाचं काम लोणावळ्याजवळ वळवणच्या टाटांच्या केंद्रात गेली कित्येक दशकं चालू आहे, आणि इथे इतका क्वचित सापडणारा मासा टबात घालून शहरभर फिरवायचं धाडस मी करणार नाही.

२१ एप्रिल

जिवंत माशाला हात लावण्याआधी चित्र वाचायला शिकायला हवं. त्यासाठी बाजारात पहाटे आलेले मासे. विक्रेत्या मावशींशी ठरलं आहे: गिऱ्हाइकाने घेतलेला मासा आम्ही आधी तपासायचा, मग त्या कापतील तेव्हा पोटातलं सगळं जसंच्या तसं मांडून फोटो काढायचा आणि गिऱ्हाइकाचं गिऱ्हाइकाला द्यायचं. तसाही कापला जाणारच असलेला मासा, म्हणून यात नवा जीव जात नाही. गिऱ्हाईक मात्र तेवढा वेळ थांबणारं पाहिजे. क्लिनिक बाजारापासून जवळ आहे हे नशीब.

मासा ताजा असणं भाग आहे. मेल्यावर काही तासांत आतड्यात वायू धरतो आणि वायू म्हणजे सोनोग्राफीचा शत्रू. शरीरातून हवेत शिरताना ध्वनिलहर जवळजवळ सगळीच्या सगळी परतते. हवेच्या पलीकडे काय आहे ते मग दिसतच नाही.

हीच गोष्ट माशाच्या वाताशयाची. पोटाच्या वरच्या भागात, कण्याच्या खाली हवेने भरलेली ती पिशवी पडद्यावर लखलखीत रेघ म्हणून येते आणि तिच्यामागे सगळं खोटं. सुदैवाने अंडाशय आणि वृषण तिच्या खालच्या अंगाला दोन्ही बाजूंना असतात. म्हणून प्रोब, म्हणजे मशीनचा अंगाला टेकवायचा भाग, पोटाच्या बाजूने लावायचा, आधी वाताशयाची रेघ शोधायची आणि तिच्या अलीकडे बघायचं. डॉक्टरांना ही खूण लगेच बसली. गाईच्या तपासणीत ते आधी मूत्राशय शोधतात आणि त्यावरून पुढे सरकतात.

५ मे

पाण्यातच तपासायचं हे आता पक्कं. जेल लागत नाही, खवल्यांमध्ये अडकलेली हवा निघून जाते, आणि मासा श्वास घेत राहतो. गुरांच्या तपासणीचा लिनियर प्रोब मुळातच पाणीबंद असल्याने त्याची चिंता नाही, तरी वरून प्लॅस्टिकची पिशवी चढवतो.

किती बारीक दिसेल याचा हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घेतला. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. ७.५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ०.२ मिलिमीटर येते. कानसच्या कुळातल्या माशांचं पिकलेलं अंडं साधारण मिलिमीटरभर, म्हणजे ते सुटं दिसायला हवं. पिकण्याच्या बऱ्याच आधी, ०.१-०.२ मिलिमीटरचं असताना, ते सुटं दिसणं शक्य नाही. तिथे फक्त करडा पट्टा दिसेल, आणि तो मादीचा की नराचा हे चित्रावरून सांगता येणार नाही. मेगाहर्ट्झ वाढवले तर बारकावा वाढतो पण लहर खोलवर पोचत नाही. दीड-दोन फुटी माशाला ७.५ बरोबर बसतं.

मशीन शरीरातला वेग १५४० धरून चालतं, पाण्यात तो थोडा कमी असतो. म्हणून प्रोब ते कातडी हे पाण्यातलं अंतर मोजायचं नाही. मोजायचं ते फक्त शरीराच्या आतलं: पोटाच्या पराच्या किंचित पुढे, ठरलेल्या एकाच जागी, अंडाशयाची रुंदी आणि त्याच जागी शरीराची जाडी. दोन्हींचं गुणोत्तर आम्ही वजनाच्या गुणोत्तराऐवजी वापरणार.

बाजारातल्या माशांवरून चित्रांची ओळख जमत चालली आहे. पिकलेलं अंडाशय भिजवलेल्या रव्यासारखं दाणेदार दिसतं. वृषण एकसारखं, गुळगुळीत, कडेला पातळ उजळ रेघ असलेलं. शिवड्यात हा फरक पहिल्या नजरेत कळतो. कानसमध्ये आतड्याच्या सावल्या मध्ये येतात, प्रोब तिरका करत करत जागा शोधावी लागते.

१९ मे

पहिले जिवंत मासे आले. पहाटे जाळं काढल्याबरोबर, शिंगणापूरच्या बाजूने. छोट्या हत्तीत झाकणाचा टब, बॅटरीवरचा एअर पंप, नदीचंच पाणी. झाकण लावून अंधार केला की मासा बराच शांत राहतो.

भूल द्यायची का, यावर आमच्यात दोन मतं होती. लवंगाच्या तेलाची भूल मासे पाळणाऱ्यांकडे सर्रास वापरतात. मी नको म्हटलं. हा मासा संध्याकाळी नदीत परत जाणार आणि उद्या कुणाच्या तरी जाळ्यात येऊन ताटात जाऊ शकतो. त्याच्या अंगात आम्ही घातलेलं कुठलंही औषध असता कामा नये. त्याऐवजी ओल्या सुती कापडाची झोळी, माशाच्या डोळ्यांवर ओलं फडकं, आणि झोळीसकट पाण्यातच उताणा. उताणा धरला की तो थोड्या वेळात ढिला पडतो आणि नेमकं पोट वर येतं. मोजमाप आणि चित्र मिळालं की लगेच सुलटा. कल्ले सतत पाण्याखाली राहिले पाहिजेत हा एकच नियम मी भिंतीवर लिहून लावला आहे.

एका शिवड्याचं पोट चांगलंच फुगलेलं होतं. टबाभोवती जमलेले सगळे ‘गाभोळी’ म्हणू लागले. जाळ्याचे मालक भोईमामा मात्र मान हलवत होते. “म्याडम, शिवड्याचं पोट बघून न्हाई सांगायचं. रातीत काय गिळलंय कुणाला ठावं. हिकडं मागं हात लावा, मागं मऊ लागाय पायजे.” पडद्यावर जठर आलं, त्यात गिळलेल्या माशाच्या कण्याच्या ओळीने उजळ ठिपके. मागे दोन्ही बाजूंना अंडाशयही होतं, पण बारीक, दाणे न सुटलेलं. मामांनी पडदा बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “म्हंजी हिला अजून महिना हाय?” तो महिना की दीड महिना, हेच आम्हाला शोधायचं आहे.

पुन्हा सापडली तर ओळखता यावी म्हणून चिप लावून संध्याकाळी त्याच डोहात सोडली.

६ जून

बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवायला घातलेल्या फळ्या, निघाले. पाणी खालच्या अंगाला मोकळं झालं.

हे इथे मुद्दाम लिहून ठेवते, कारण माझ्या मते या प्रकल्पाचा उपयोग इथेच आहे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा बरगे घातलेले असताना माशाला भिंत आहे आणि बरगे काढले की कमानींमधून वाट आहे. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी या नद्यांवर आणि प्रयाग चिखलीच्या खाली पंचगंगेवर असे बंधारे एकामागून एक आहेत. बरगे केव्हा काढायचे हे पुराचा आणि शेतीच्या पाण्याचा विचार करून ठरतं, आणि ते रास्तच आहे. पण मेच्या शेवटी वळवाचा मोठा पाऊस होऊन पाणी हललं आणि त्या वेळी माद्या पिकलेल्या असल्या, तर त्या बंधाऱ्याखाली अडकणार. पिकलेल्या नसल्या तर अडकल्याने फारसं बिघडत नाही. पिकल्या आहेत की नाहीत हे मेमध्येच, मासा न मारता कळलं, तर बरग्यांच्या तारखेबद्दल बोलायला आपल्याकडे काहीतरी ठोस असेल.

आज तपासलेल्या कानसच्या माद्यांमध्ये दाणे स्पष्ट सुटलेले दिसले. नरांच्या पुढच्या परावर हात फिरवला तर खरखरीत लागतो, मादीचा गुळगुळीत. मासे पाळणाऱ्यांची ही जुनी खूण आहे आणि आज ती प्रत्येक वेळी चित्राशी जुळली. खूण हंगामातच मिळते, ही तिची मर्यादा.

२२ जून

चढण लागली. रात्रभर पाऊस, नदीला गढूळ पाणी, आणि ओढ्यांच्या तोंडाशी बॅटऱ्या घेऊन माणसंच माणसं. चढणीचा मासा धरायला सोपा असतो, तो प्रवाहाकडे तोंड करून दुसरं काही न बघता वर निघालेला असतो.

धरलेल्या माशांतले काही आम्ही मागून घेतले. पडद्यावर दिसलं ते वेगळंच होतं: दाणे तर आहेतच, पण मागच्या टोकाला अंड्यांभोवती काळसर, स्वच्छ पट्टे, म्हणजे द्रव. अंडी सुटायला आली आहेत. नरांना उचलताच पांढरं दूध येत होतं. ही अवस्था ओळखायला खरं तर मशीनची गरज नाही. भोईमामांच्या हातानेही तेच सांगितलं, आणि तसं मी नोंदवहीत लिहिलं आहे, मशीनच्या रकान्याशेजारी हाताचा रकाना. दोन्ही जुळतात तिथे उद्या मशीन न वापरता हातावर भागेल, आणि ते मला जास्त आवडेल.

मामांना विचारलं, हे दोन-चार दिवस जाळी थांबवली तर? “मी थांबीन की. पर वढ्यावर उभारलेली शंभर माणसं थांबत्यात व्हय? लोकास्नी गाभोळीच पायजे असती.” उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी त्यांना एवढंच म्हणाले की चित्रं छापून गावोगावच्या ग्रामपंचायतींत लावू, मासा पोटात काय घेऊन निघालाय ते लोकांनी एकदा डोळ्यांनी बघावं.

१० जुलै

आजची तारीख मत्स्यशेतकरी दिनाची. १० जुलै १९५७ ला ओडिशात अंगुलला डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. अलिकुन्ही यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांची वीण घडवून आणली. तळ्यात या कुळातल्या माद्यांची अंडी पिकतात, पण वाहतं पाणी मिळाल्याशिवाय सुटत नाहीत, हे कोडं त्यांनी फोडलं.

करवीर तालुक्यात मत्स्यबीज तयार करणारे एक दादा आहेत, त्यांच्याकडचे विणीच्या जोडीचे मासे क्लिनिकमध्ये आणून आज काम केलं. नदीतल्या माशांपेक्षा यांच्यावर शिकायला जास्त मिळालं, कारण तोच मासा इंजेक्शनआधी आणि नंतर पाहता आला. इंजेक्शनआधी अंडाशय भरीव, दाणे दाटीने. नंतर काही तासांनी मागच्या भागात दाणे सैल झालेले, मध्ये द्रवाच्या रेघा. चढणीच्या वेळी नदीत पाहिलं तेच चित्र. त्यामुळे त्या काळसर पट्ट्यांचा आम्ही लावलेला अर्थ पक्का झाला.

दादांचा प्रश्न रोखठोक होता: याचा मला काय उपयोग? उपयोग आहे. न पिकलेल्या मादीला इंजेक्शन दिलं तर औषध वाया जातं आणि मादीही खचते. मात्र त्यासाठी एका शेतकऱ्याने मशीन घेणं ना परवडणारं ना योग्य. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात हंगामात एक दिवस ठरवून मासे तपासून मिळाले, तर चालेल.

२९ जुलै

राजाराम बंधारा पाण्याखाली, नदी पात्राबाहेर. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडलेत. इशारा पातळी ३९ फुटांची, धोका पातळी ४३, सगळ्यांचं लक्ष त्यावर. मासेमारी बंद, काम बंद. विद्यार्थी नदीकाठच्या गावांत मदतीला गेले आहेत.

२३ ऑगस्ट

पाणी उतरल्यावर पहिल्यांदा जाळं टाकलं. विणून झालेल्या माद्यांचं अंडाशय ओळखणं मला वाटलं होतं त्याहून अवघड आहे. ते आकसलेलं, सैल, कडा अस्पष्ट, आत तुरळक उजळ ठिपके. ते ठिपके म्हणजे मागे राहून शरीरात जिरत चाललेली अंडी, असं बाजारातल्या माशांच्या कापलेल्या पोटांशी ताडून दिसतं. पण लहान, अजून कधीच न विणलेल्या मादीचा करडा पट्टा आणि महिन्याभरापूर्वी विणलेल्या मादीचं आकसलेलं अंडाशय यांत गोंधळ होऊ शकतो. माशाची लांबी सोबत असेल तरच निर्णय घ्यायचा.

चिप लावलेला एकही मासा नदीतून परत आला नाही. पुरानंतर येईल अशी अपेक्षाही धरू नये. एकाच माशाची महिन्या-महिन्याची चित्रं हवी असतील तर काही मासे दादांच्या तळ्यात वेगळे ठेवावे लागतील, हे आता उघड आहे. नदीतून मिळतील ती हंगामाची चित्रं, तळ्यातून मिळेल तो एका माशाचा क्रम. दोन्ही एकमेकांवर घासून बघायचं.

१४ सप्टेंबर

अहवालाचा मसुदा. अवस्था पाच ठेवल्या आहेत: कळत नाही, वाढतंय, पिकलं, सुटायला आलं, विणून झालं. ‘कळत नाही’ हा रकाना काढून टाका, अहवाल कच्चा वाटतो, असं एकांनी सुचवलं. तो राहणार. लहान माशाच्या करड्या पट्ट्यावर नर किंवा मादी असं लिहून टाकलं, तर पहिल्या विणीची लांबी काढताना सगळा हिशेब चुकीच्या पायावर उभा राहील.

शिवड्यासाठी पद्धत वापरण्याजोगी आहे, असं मी लिहीन. कानससाठी मे ते जुलैमध्ये भरवशाची, बाकी वर्षभर नाही. आणि जूनच्या शेवटाला अनुभवी हात पुरेसा आहे. मशीनची खरी गरज एप्रिल-मेमध्ये आहे, पोट बाहेरून काहीच सांगत नसतं तेव्हा.

पुढच्या वर्षीची कामं: एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला बंधाऱ्याच्या वर आणि खाली दोन्हीकडचे मासे. नोंदवहीत बरगे काढल्याची तारीख आणि पाण्याचं तापमान हे दोन रकाने वाढवायचे. डॉक्टरांच्या रजिस्टरची प्रत अहवालाला जोडायची. ग्रामपंचायतींसाठीची चित्रं मेच्या आत छापून व्हायला हवीत, मथळा भोईमामांकडून घ्यायचा. मच्छीमार संस्थेच्या बैठकीत बरग्यांचा विषय मांडायला पाटबंधारेच्या शाखा अभियंत्यांना बोलवायचं, पत्र याच आठवड्यात.